तुमच्या नायकाला विमानानेच येऊ द्या

पत्र थोडक्यात असं आहे:

"मी बरीच वर्षं न्यू जर्सीत राहते. इथल्या एका भारतीय रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करणाऱ्या, पेपर (म्हणजे अमेरिकेत राहण्याची कायदेशीर कागदपत्रं) नसलेल्या एका मराठी गृहस्थांशी माझी ओळख झाली. मी त्यांना दादा म्हणते. त्यांनी आपलं आयुष्य मला सांगितलं, मी ते फोनवर रेकॉर्ड केलं आणि त्यावर साडेतीनशे पानांची कादंबरी लिहिली. 'लिहा ताई, फक्त नाव नको,' असं ते २०२३ मध्ये म्हणाले होते. फेब्रुवारी २०२५ पासून मात्र ते फोन उचलत नाहीत. प्रकाशक तयार आहे. नाव-गाव मी बदललंय, आणि मराठीत लिहिलेलं अमेरिकेत कोण वाचणार? तर छापू का? दुसरं म्हणजे, हस्तलिखित वाचलेली मैत्रीण म्हणते, 'वाईट वाटतं वाचताना, पण माणूस दिसत नाही.' याचं काय करू?"

प्रिय ताई,

छापू नका, निदान आत्ता तरी नको. तुम्ही पाठवलेली सगळी पानं मी वाचली. ही कादंबरी व्हावी असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच आधी हे स्पष्ट सांगते.

दादांनी होकार दिला तेव्हाची हवा वेगळी होती. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकन लष्कराचं विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. माणसांच्या हातात बेड्या आणि पायात साखळ्या होत्या. त्यांतले तिघं महाराष्ट्रातले होते. दादा गप्प झाले ते त्याच महिन्यात. २०२३ मध्ये दिलेल्या शब्दाला त्यांना आता धरून ठेवणं बरोबर नाही. फोन न उचलणं हेच त्यांचं आजचं उत्तर आहे असं समजा. त्यांच्या कामाच्या जागी जाऊ नका, कुणाकरवी निरोप धाडू नका. मेसेजमध्ये कादंबरीचा उल्लेखही नको, कारण तो कुणाच्या नजरेस पडेल सांगता येत नाही. 'बरे आहात ना दादा, सवडीने बोलू' एवढं एकदाच पाठवा आणि थांबा. फोन आलाच तर 'नको' म्हणणं त्यांना सोपं जाईल अशा रीतीने विचारा. तुम्ही त्यांच्या मुलाच्या कॉलेजचे फॉर्म भरून दिलेत, दिवाळीला फराळ पोचवलात. अशा माणसाला तोंडावर नाही म्हणणं किती जड जातं, याचा विचार करा.

तुम्ही नाव-गाव बदललंय खरं. पण तुमच्या नायकाचं डाव्या हाताचं एक बोट कणकेच्या मशीनमध्ये सापडून अर्धं गेलंय. तो देशात असताना साखर कारखान्यात वायरमन होता. गणपतीत देवळासाठी मोदक तोच करतो. मुलगा शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. (हे चारही तपशील मी इथे बदलून लिहिले आहेत. मूळचे छापायला माझं मन धजलं नाही.) न्यू जर्सीत एडिसन-आयसेलिनच्या भारतीय वस्तीच्या पट्ट्यात एवढ्या माहितीवर माणूस ओळखायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. मराठीत कोण वाचणार म्हणता, पण दादांना ओळखू शकतील अशी माणसं मराठीच वाचतात. मंडळातले लोक, देवळातले लोक, मालकाची बायको, गावाकडचे भाऊबंद. इंग्रजी पुस्तकापेक्षा त्यांना तुमच्या मराठी पुस्तकाचाच धोका अधिक आहे.

आता मैत्रिणीच्या तक्रारीकडे येते, कारण दोन्ही प्रश्नांची गाठ तिथेच आहे. ज्या तपशिलावरून माणूस सापडतो आणि ज्या तपशिलामुळे त्याचं जगणं खरं वाटतं, ते बहुतेक वेळा निरनिराळे असतात. बोट, कारखाना, मोदक, ट्रम्पेट हे पहिल्या जातीचे. ते काढले तर कादंबरीचं काहीही जात नाही. दुसऱ्या जातीचे म्हणजे पेपर नसलेल्या माणसाचा दिवस कसा जातो, पैसा कुठून कुठे फिरतो, कुठल्या कायद्याने त्याची कुठली वाट बंद होते, हे. ते हजारो माणसांना सारखेच लागू आहेत, त्यांच्यावरून एकटे दादा कुणाला सापडणार नाहीत. तुमच्या पानांत पहिले भरपूर आहेत आणि दुसरे फार थोडे.

सगळ्यात मोठी गोष्ट पहिल्याच प्रकरणात घडलीय. दादा प्रत्यक्षात टुरिस्ट व्हिसावर विमानाने आले आणि मुदत संपल्यावर राहिले. तुम्ही मात्र नायकाला आणि त्याच्या बायकोला २००२ मध्ये मेक्सिकोच्या बाजूने वाळवंटातून चालत आणलंत. पत्रात कारणही दिलंय, की विमानतळावर काही नाट्य नाही. मला हे पटत नाही. वाळवंटाची, बर्फाची वाट खरीच जीवघेणी आहे. जानेवारी २०२२ मध्ये कॅनडातल्या इमर्सनजवळ, अमेरिकेच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर एक गुजराती कुटुंब गोठून मेलं. आईवडील आणि दोन मुलं. त्या वाटेवर लिहायचं तर त्या वाटेने गेलेल्यांशी बोलून लिहायला हवं. प्रकरण रंगावं म्हणून ती उसनी घेऊ नये.

शिवाय या एका बदलाने तुमचा शेवटच कोसळतो. शेवटच्या प्रकरणात न्यू जर्सीत जन्मलेला मुलगा २०२४ मध्ये २१ वर्षांचा होतो, वडिलांसाठी अर्ज करतो, वडिलांना ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळतो आणि ते गावी जातात. वाचताना डोळ्यांत पाणी येतं, पण असं होणार नाही. अमेरिकन नागरिक असलेल्या मुलाला २१ व्या वर्षी आईवडिलांसाठी अर्ज करता येतो, इथवर बरोबर. पण देशात राहूनच ग्रीन कार्ड मिळवायचं तर मूळ प्रवेश अधिकाऱ्यासमोरून झालेला असावा लागतो. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाकडे विमानतळावरच्या प्रवेशाची नोंद असते. तो नंतर वीस वर्षं बेकायदा राहिला, रोखीने काम केलं, तरी अशा जवळच्या नात्यात ते बहुधा आड येत नाही. वाळवंटातून आलेल्याकडे ती नोंदच नसते. त्याला देशाबाहेर जाऊन व्हिसा घ्यावा लागतो, आणि बाहेर पाऊल टाकलं की १९९६ चा कायदा त्याला गाठतो: एक वर्षाहून जास्त काळ बेकायदा राहून देश सोडला तर १० वर्षं परत यायला बंदी. त्यातून सवलत मागता येते, पण त्यासाठी जोडीदार किंवा आईवडील अमेरिकन नागरिक अथवा ग्रीन कार्डधारक असावे लागतात. मुलगा असून उपयोग नाही.

आता बघा, नाट्य कुठे आहे ते. एकाच किचनमध्ये दोन माणसं शेजारी उभी राहून वीस वर्षं कांदा चिरतात. पगार सारखा, भीतीही सारखीच. एकाच्या जुन्या पासपोर्टात एक शिक्का आहे आणि दुसऱ्याच्या नाही. दोघांचीही मुलं एकाच वर्षी २१ ची होतात. एक सुटतो, दुसरा तिथेच राहतो. सुटलेला तिसऱ्या दिवशी कामावर आला की तो दुसऱ्याशी काय बोलेल? पेढे वाटेल का? दुसरा ते घेईल का? हे प्रकरण लिहाल तेव्हा तुमच्या हातून खरी कादंबरी उतरेल. म्हणून नायकाला विमानानेच येऊ द्या. विमानतळावरची ती दोन मिनिटंही लिहा: अधिकारी विचारतो किती दिवस राहणार, हा पाठ केलेलं उत्तर देतो, शिक्का पडतो. त्या दोन मिनिटांची किंमत त्याला वीस वर्षांनी कळणार आहे.

तोच १९९६ चा कायदा आईच्या मृत्यूच्या प्रसंगातही आहे, पण तुम्ही तो अर्ध्या पानात उरकलाय. 'जाता आलं नाही, खूप रडला,' असं लिहिलंय. त्याला जायला कुणीच अडवलेलं नाही. तो उद्या विमानात बसू शकतो. परत येता येणार नाही, एवढंच. म्हणजे आईला अग्नी द्यायचा की बायको-मुलाजवळ राहायचं, हे त्याला स्वतः ठरवावं लागतं, आणि तेही एका रात्रीत. गावाकडे सकाळचे दहा वाजलेले असतात तेव्हा हिवाळ्यात न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेअकरा. किचन बंद करायची वेळ. कुणीतरी फोन वर धरून त्याला व्हिडिओ कॉलवर आई दाखवतंय, इकडे जमिनीवर पाणी मारून झालंय, सिंकमध्ये शेवटची पातेली आहेत. धाकटा भाऊ मडकं घेऊन फिरतो. दुसऱ्या दिवशी केस काढायचे की नाही? काढले तर कामावर सगळे विचारणार. नाही काढले तर आरशात स्वतःला बघणार कसा? आणि गावात तर त्याने सांगून ठेवलंय, आपण हॉटेलात मॅनेजर आहोत, ग्रीन कार्ड कधीच झालंय. मग 'मोठा मुलगा का आला नाही' याचं उत्तर भाऊ लोकांना काय देतो?

हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. तुमचा नायक सरकारपासून लपतो ते तुम्ही सगळीकडे दाखवलंय. तो गावापासूनही लपतो, ते मात्र एका वाक्यात येऊन जातं. जमीन गहाण टाकून एजंटाला पैसे दिलेत, चुलत्यांकडून उसने घेतलेत. त्यामुळे फोटो मालकाच्या गाडीशेजारी काढायचा, किचनमधला काढायचा नाही. घरचा कॉल आला की ॲप्रन काढून मागच्या दारात जायचं. या लपण्याला कायद्याचं भय नाही, तरी ते जास्त छळतं. यातून नायकाचा हट्ट दिसेल, त्याचं खोटं बोलण्याचं कसब दिसेल, कधी त्याचा रागही येईल. आत्ता तो नुसता सोसत राहतो, म्हणून मैत्रिणीला दिसत नाही.

पैशाबद्दल तुम्ही लिहिलंय, 'मालक दयाळू होता, महिन्याला २,८०० डॉलर रोख देई.' आठवड्याला ७० तास काम, असंही तुम्हीच लिहिलंय. हिशेब करून बघा. महिन्याला साधारण ३०० तास होतात, म्हणजे तासाला सव्वानऊ डॉलर. २०२४ मध्ये न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी किमान वेतन तासाला १५.१३ डॉलर होतं, आणि आठवड्यात ४० तासांच्या वर दीडपट. वेतनाचे हे कायदे पेपर नसलेल्या माणसालाही लागू आहेत. त्या हिशेबाने त्याला साडेपाच हजारांच्या आसपास मिळायला हवे होते. म्हणजे जवळजवळ निम्मा पगार मालकाकडे राहतो, दर महिन्याला, वर्षानुवर्षं. आणि हाच मालक त्याला बेसमेंटमध्ये जागा देतो, बायकोच्या बाळंतपणात हॉस्पिटलच्या बिलासाठी उचल देतो, मुलाच्या वाढदिवसाला केक आणतो. त्याला निव्वळ दयाळू करू नका आणि राक्षसही करू नका. दोन्ही गोष्टी त्याच्या हातून खऱ्या घडू द्या. नायकालाही हा हिशेब येतो, हे एकदा दाखवा. बिलाच्या पाठीमागे पेनने केलेला गुणाकार, मग घडी करून खिशात घातलेला कागद. तक्रार का करत नाही, हे मग सांगावं लागणार नाही.

बायकोवर तर मी तुमच्याशी भांडणारच आहे. साडेतीनशे पानांत ती रडते, देवापुढे दिवा लावते आणि नवऱ्याची वाट बघते. अशा घरातल्या बाया काय काय करतात हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. त्या पोळ्या करून देतात, मुलं सांभाळतात, कुणाच्या सुनेचं बाळंतपण काढतात, सगळं रोखीने. नवरा किचनच्या चार भिंतींत असतो. ही मात्र पेपरवाल्यांच्या घरात रोज जाते-येते. त्यांच्या फ्रिजवर काय लावलंय, त्यांची मुलं आजीशी कुठल्या भाषेत बोलतात, कोण भारतात जायच्या तिकिटांवरून कुरकुर करतं, हे सगळं ती ऐकते आणि तोंड मिटून पोळी लाटते. कादंबरीतलं सगळ्यात जास्त बघणारं माणूस तीच आहे. अर्धी प्रकरणं तिच्या नजरेतून लिहून पाहा. याने दादांपासूनचं अंतर आपोआप वाढेल, हा आणखी एक फायदा.

तिच्यामुळे आणखी एक माणूस नीट उभा राहील: कादंबरीतली ती मदत करणारी मराठी बाई, जी कथा सांगते. ती फार चांगली आहे हो. कधी चुकत नाही, कधी मनातही वाईट येत नाही. न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी पंगतीत हा विषय निघाला की 'आम्ही इतकी वर्षं रांगेत उभे राहिलो, यांनी का नाही राहायचं?' हे वाक्य येतंच. ते खोट्या मनाने बोललेलं नसतं. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे इंजिनिअरांची उमेदीची वर्षं वाट पाहण्यात गेली आहेत. तुमच्या निवेदिकेच्या नवऱ्याला हे बोलू द्या, आणि तिलाही क्षणभर ते पटू द्या. मग तिला कधीतरी कळू द्या, की पोळ्या करणाऱ्या बाईच्या नवऱ्यासाठी रांग म्हणावी अशी काही नव्हतीच. ज्या कामाला शिक्षण लागत नाही त्यासाठी जगभराला मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,००० ग्रीन कार्डं, आणि अर्ज करायचा तो मालकाने. सव्वानऊ डॉलर देणारा मालक तो अर्ज कशाला करील? आणि निवेदिकेच्या घरच्या मुंजीला जे जेवणाचे ट्रे आले, ते त्याच किचनमधून आले होते. तिचा चांगुलपणा यात कुठे कमी होत नाही, पण ती माणसासारखी दिसायला लागेल.

बारीकसारीक दुरुस्त्या भराभर सांगते. छातीत कळ आलेल्या नायकाला हॉस्पिटल पेपर नाहीत म्हणून परत पाठवतं, असं लिहिलंय. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीमध्ये आलेल्या कुणालाही तपासून स्थिर करावंच लागतं. भीती मागाहून टपालाने येणाऱ्या बिलाची असते, तो प्रसंग लिहा. तो टॅक्स भरत नाही, हेही गृहीत धरू नका. सोशल सिक्युरिटी नंबर (काम आणि टॅक्ससाठीचा सरकारी नंबर) नसलेल्यांसाठी १९९६ पासून टॅक्सपुरता वेगळा नंबर मिळतो आणि कित्येक जण तो घेऊन नेमाने टॅक्स भरतात, पुढेमागे पेपर व्हायची वेळ आली तर रेकॉर्ड स्वच्छ असावं म्हणून. न्यू जर्सीत मे २०२१ पासून पेपर आहेत की नाहीत हे न बघता साधं ड्रायव्हिंग लायसन्स मिळतं, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या ड्रायव्हिंगचे प्रसंग सारखेच लिहून चालणार नाहीत. आणि देवळातला गणपती नक्की कुठल्या वर्षीचा, ते ठरवा. देवळं, शाळा, हॉस्पिटलं अशा जागी इमिग्रेशनच्या लोकांनी शक्यतो धरपकड करू नये, असा जो दंडक पूर्वीपासून होता तो जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. २०२४ च्या आरतीत उभा असलेला माणूस आणि २०२५ च्या आरतीत दाराकडे बघत उभा असलेला माणूस वेगळा. नवा खर्डा झाला की एखाद्या इमिग्रेशन वकिलाकडून फक्त कायद्याच्या जागा तपासून घ्या. तिथे दादांबद्दल अवाक्षर काढायची गरज नाही, माझ्या कादंबरीतलं पात्र आहे म्हणून सांगा.

प्रकाशकाला वर्षभर थांबायला सांगा. तो थांबला नाही तर दुसरा मिळेल. नव्या खर्ड्यात नायकाचा जिल्हा, आधीचा धंदा, मुलांची संख्या, अंगावरची खूण, येण्याचं साल, किचनमधलं त्याचं काम, सगळं बदला आणि दोन-तीन वेगळ्या माणसांच्या हकिकतींतून त्याला नव्याने घडवा. मग ते पान दादांच्या एखाद्या सख्ख्या ओळखीच्या माणसाने वाचलं तर त्याला दादा आठवतील का, असं प्रत्येक प्रकरणाला स्वतःला विचारा. आठवत असतील तर ते प्रकरण अजून व्हायचंय.

आता रेकॉर्डिंगबद्दल. ती फोनमध्ये आहेत आणि फोनचा बॅकअप आपोआप इंटरनेटवर जातो, असं तुम्हीच लिहिलंय. त्यात त्यांचा आवाज आहे, नावं आहेत, मालकाचं नाव आहे. हवं ते नावांशिवाय वहीत उतरवून घ्या आणि रेकॉर्डिंग फोनमधून, बॅकअपमधून, मला पाठवलेल्या ईमेलमधूनही पुसा. माझ्याकडची प्रत मी पुसली आहे. हे काम या आठवड्यातच करा, आणि झालं की मला एका ओळीने कळवा.